तुमचे प्रश्न : त्या बोटभर माशाबद्दल एकदाचं काय ते

मागच्या अंकात पिरान्हावरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं, की ॲमेझॉनच्या काठावर पिरान्हापेक्षा कँडिरू नावाच्या बोटभर माशाची धास्ती जास्त, असं म्हणतात. झालं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेल आलीत की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. विषय थोडा चावट आहे, पण विचारणाऱ्यांनी लाज सोडून विचारलंय तर उत्तर देणारीने तरी का लाजावं.

प्रश्न : ताई, आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. ॲमेझॉनमध्ये उभं राहून लघवी केली तर हा मासा धारेवरून पोहत वर चढतो, आत घुसतो, काटे उघडतो आणि मग ऑपरेशनशिवाय निघत नाही म्हणे. ग्रुपमधले अर्धे हसतायत, अर्ध्यांची टरकलीय. खरं काय? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : मासा खरा, काटे खरे, रक्त पितो हेही खरं. धारेवरून चढतो ही मात्र शुद्ध थाप, आणि ती थाप आहे हे कळायला ब्राझीलला जायची गरज नाही, आठवीचं विज्ञान पुरतं. मासा पुढे सरकतो तो शेपटीने आजूबाजूचं पाणी ढकलून, आता काही मिलिमीटर जाडीच्या धारेत त्याच्या आजूबाजूला पाणी कुठलं, हवाच आहे, मग शेपूट मारणार कशावर? वर धार खाली येतेय, म्हणजे तिच्या वेगाहून जास्त वेगाने आणि वर स्वतःचं वजन उचलत चढायचं. शिवाय धार थोडं अंतर गेली की अखंड राहतच नाही, थेंबाथेंबात तुटते. थेंबांवरून उड्या मारत येणारा मासा अजून जन्माला यायचाय.

माशाची ओळख मात्र नीट करून घेऊ, कारण व्हिडिओवाले दाखवतात भलताच मासा. कँडिरू हा कॅटफिशच्या, म्हणजे आपल्याकडच्या शिंगटी-मागूरच्या मोठ्या गोतावळ्यातला. त्यातल्या रक्तपित्यांपैकी सगळ्यात गाजलेली जात म्हणजे व्हँडेलिया सिरोसा, जिचं शास्त्रीय वर्णन व्हॅलेन्सिएन या फ्रेंच माशेतज्ज्ञाने १८४६ साली केलं. अंग बारीक लांबट, खवले नाहीत, जवळजवळ पारदर्शक, त्यामुळे गढूळ पाण्यात दिसत म्हणून नाही. बरेचसे बोटाएवढे किंवा त्याहून लहान, मोठ्यात मोठा सतरा सेंटिमीटरच्या आसपास. कल्ल्याच्या झाकणावर मागे वळलेले बारीक काट्यांचे झुबके असतात, भीतीच्या गोष्टीतले काटे ते हेच. आणि ज्या कुटुंबातला हा मासा आहे त्यात तीनशेवर जाती आहेत, त्यातले बहुतेक गरीब बिचारे तळाचे किडे-अळ्या खाऊन जगतात. रक्तावर जगणारी फक्त एक छोटी शाखा, आणि बदनाम झालं सगळं खानदान.

प्रश्न : माझ्याकडे चार टँक आहेत, कॅटफिश पाळतो. माशांचं रक्त पिणारा मासा ही कल्पनाच डोक्यात बसत नाही. जळूसारखं तोंड चिकटवून ओढतो का? नक्की करतो काय तो? (ठाणे)

उत्तर : तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण माणसाची भानगड बाजूला ठेवली तर या माशाची खरी गंमत इथेच आहे आणि ती कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

दिवसभर हा वाळूत, चिखलात अंग पुरून बसतो. मोठा मासा जवळून गेला की निघतो आणि त्याच्या कल्ल्याकडे झेपावतो. माशाला श्वास घ्यायचा तर कल्ल्याचं झाकण उघडावंच लागतं, ते उघडलं की फटीतून हा आत. काट्यांनी आत पाय रोवतो (पाय नाहीत, पण तुम्हाला कळलं) आणि चावा घेतो तो थेट कल्ल्याकडे रक्त नेणाऱ्या-आणणाऱ्या मोठ्या धमन्यांवर. खूप वर्षं सगळे समजत होते की हा रक्त ओढून घेतो. ब्राझीलच्या झुआनॉन आणि सझिमा या दोन संशोधकांनी टाकीत मोठे मासे आणि कँडिरू एकत्र ठेवून नीट बघितलं आणि २००४ मध्ये छापलं, की ओढायचा प्रश्नच येत नाही, त्याला तशी सोयही नाही. धमनी फोडली की यजमानाचंच हृदय रक्त पंप करतं आणि ते आपोआप याच्या पोटात भरतं, नळाला फुगा लावल्यासारखं. त्यांनी वेळ मोजली तर अर्ध्या मिनिटापासून ते साधारण अडीच मिनिटांपर्यंत. एवढ्यात जेवण उरकलं. पोट तट्ट फुगून लालभडक दिसतं कारण कातडी पारदर्शक, मग सुटून खाली येतो आणि परत वाळूत. मोठा मासा बऱ्याचदा वाचतो, थोडं रक्त गेलं एवढंच.

आता यातली कळीची गोष्ट. या माशाचं सगळं शरीर, सगळी सवय, कल्ल्यासाठी बनलीय. उघडझाप करणारी फट, आत पाण्याचा झोत, लगेच हाताशी धमनी. माणसाला कल्ले नाहीत. मूत्रनलिकेत शिरला तरी तिथे ना श्वासाला पाणी ना पोट भरेल अशी धमनी, म्हणजे गेला तर मरायलाच गेला. उत्क्रांती असले उद्योग शिकवत नाही. चुकून काहीही होऊ शकतं, ते पुढे येतंच आहे, पण माणसाच्या मागावर असलेला मासा हा प्रकार अस्तित्वात नाही.

आणि तुम्ही टँकवाले म्हणून अजून एक. याच्या नात्यातले काही अगदी चिमुकले मासे 'जाऊ' नावाच्या मोठ्या कॅटफिशच्या कातडीत नाक खुपसून चिकटलेले सापडलेत, रक्तासाठी नव्हे तर बहुतेक लांबच्या प्रवासासाठी, फुकट लिफ्ट. तेही याच दोघा संशोधकांचं निरीक्षण.

प्रश्न : पण लघवीच्या वासाने येतो हे तरी खरं ना? लघवीत युरिया, अमोनिया असतो आणि माशाच्या कल्ल्यातूनही अमोनिया बाहेर पडतो, म्हणजे लघवीला तो कल्ला समजत असेल. मला लॉजिकल वाटतं. (बीएस्सीची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : लॉजिकल आहेच, म्हणून तर इतकी वर्षं टिकलं. माशांचा अमोनिया मुख्यतः कल्ल्यातूनच जातो हे तुझं बरोबर आहे. पण लॉजिक आणि पुरावा यात फरक असतो ना. स्टीफन स्पॉट, पाउलो पेट्री आणि वर आले तेच झुआनॉन यांनी २००१ मध्ये एक प्रयोग छापला. जिवंत कँडिरूंच्या पाण्यात अमोनिया सोडून पाहिला, अमिनो आम्लं सोडून पाहिली, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत चिकट पदार्थ सोडून पाहिला. कँडिरू ढिम्म. मग जिवंत गोल्डफिश सोडले, तर त्यांच्यामागे लागले. म्हणजे निदान त्या प्रयोगात तरी वास चालला नाही, समोर हलणारं भक्ष्य चाललं. एका प्रयोगाने सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही, पण 'लघवीच्या वासाने खेचला जातो' हे वाक्य छापणाऱ्याकडे त्याच्या बाजूचा एवढा तरी पुरावा हवा, तो कुणाकडेच नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. कोणतीही दंतकथा कुठून तरी सुरू होते. ही कुणी सुरू केली? तिथल्या आदिवासींनी की गोऱ्या साहेबांनी? (सांगली)

उत्तर : सर, दोघांनी मिळून. सांगितली तिथल्यांनी, छापली यांनी, आणि एकदा छापली की मग पुढचा मागच्याच्या हवाल्याने लिहितो, प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नसतं.

छापील उल्लेखांत सगळ्यात आधीचा म्हणून मार्टियस या जर्मन माणसाचं नाव घेतात. हा खरं तर वनस्पतीतज्ज्ञ, १८१७ ते १८२० स्पिक्स या प्राणीतज्ज्ञाबरोबर ब्राझीलभर फिरला, आणि १८२९ साली त्याने लिहिलं की इथले लोक या माशाला घाबरतात, पुरुष पाण्यात उतरताना शिस्नाला दोरी बांधतात. लघवीच्या वासाने येत असावा हा तर्कही त्याचाच. स्वतः त्याने असा प्रकार एकदाही पाहिला नव्हता, ऐकलेलं लिहिलं.

मग १८५५ मध्ये कास्तेलनॉ हा फ्रेंच प्रवासी. धारेवरून चढणाऱ्या माशाची गोष्ट, जी तुमच्या-आमच्या व्हॉट्सॲपवर फिरतेय, ती त्याला आराग्वाया नदीवरच्या कोळ्यांनी सांगितली. पण गंमत अशी की त्याने ती सांगून लगेच लिहिलंय की हा मूर्खपणा आहे, असं होऊच शकत नाही. पुढच्यांनी गोष्ट तेवढी उचलली आणि खालची ओळ सोडून दिली.

१८९७ ला बूलेंजर, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला मोठा माशेतज्ज्ञ. त्याने सभेत कँडिरूचे नमुने दाखवले आणि जुरुआ नदीवरून ते पाठवणाऱ्या बाख नावाच्या डॉक्टरचा हवाला दिला. बाखने तिकडे एक माणूस आणि तीन मुलं पाहिली होती, त्यांची शिस्नं तुटलेली होती, आणि कारण काय तर कँडिरू आत गेला म्हणून कापावी लागली. आता इथे जरा थांबून बघा सर. डॉक्टरने पाहिली ती जखम, मासा नाही. नंतर लोकांनी बोट दाखवलं ते पिरान्हाकडे, आणि तेच पटतं, कारण पाण्यात बाहेर लोंबणारं काही तोडणं हे पिरान्हाचं काम, आत शिरणाऱ्याचं नव्हे.

या सगळ्या कागदांचा पहिला नीट पंचनामा केला न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीतल्या गुजर यांनी, १९३० साली, तेही शल्यचिकित्सकांच्या मासिकात. (नाव वाचून आपल्याकडचे वाटतील, पण अमेरिकन हो, यूजीन गुजर.) त्यांना दिसलं की ज्या थोड्या हकिकती जरा तरी विश्वास ठेवण्याजोग्या आहेत त्या पाण्यात बसलेल्या बायकांच्या, योनिमार्गात मासा अडकल्याच्या, पुरुषांच्या नाहीत. पुरुषाचं छिद्र एवढंसं की त्यात फार तर अगदी पिल्लू जाईल, असंही त्यांनी मांडलं. ल काँत नावाच्या एका निसर्गअभ्यासकाने तर असा मासा स्वतः काढल्याचं लिहिलंय. मागे ओढला तर काटे अडकतात, म्हणून त्याने आधी पुढे ढकलला, काटे सोडवले, फिरवला आणि डोक्याकडून बाहेर काढला. ही हकिकत मला खरी वाटते कारण त्यात चमत्कार नाही, वैताग आहे. पण बघा, शंभर वर्षं गोष्ट फिरली ती पुरुषांच्याच अवयवाची. बायकांना झालेला त्रास एका वाक्यात आटपला आणि पुरुषांच्या भीतीवर पानंच्या पानं. असो.

प्रश्न : तुम्ही सगळं दंतकथेत काढताय असं मागच्या वेळच्या एका वाक्यावरूनच जाणवलं होतं. मी डॉक्टर आहे. १९९७ ची ब्राझीलमधल्या मनाऊस शहरातली केस माहीत आहे का? युरॉलॉजिस्टने मासा काढला, फोटो आहेत, मासा संस्थेत ठेवलाय. त्याचं काय करायचं? (नागपूर)

उत्तर : डॉक्टरसाहेब, माहीत आहे, आणि टाळायचा विचारही नव्हता. ही एकच आधुनिक केस आहे जिच्यात मासा, डॉक्टर, फोटो असं सगळं आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

गोष्ट अशी. इताकोआत्यारा या नदीकाठच्या गावचा तरुण, मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून लघवी करत होता, मासा पाण्यातून उसळला, धारेतून वर आला आणि आत शिरला, असं त्याचं म्हणणं. काही दिवसांनी मनाऊसमध्ये दुर्बिणीतून मासा काढला. मासा तिथल्या ॲमेझॉन संशोधन संस्थेत ठेवला गेला. पुढे १९९९ मध्ये वरच्या प्रयोगातले स्टीफन स्पॉट तिथे गेले, डॉक्टरांना भेटले, मासा हातात घेऊन बघितला. हे गृहस्थ कँडिरूवर अख्खं पुस्तक लिहिणारे, त्यामुळे गावठी शंका घेणारे नव्हेत.

त्यांना खटकलं ते असं. मासा १३४ मिलिमीटर लांब, डोकं साडेअकरा मिलिमीटर रुंद. तुम्ही स्वतः डॉक्टर आहात, युरॉलॉजिस्टची नेहमीची दुर्बीण सात मिलिमीटरच्या आसपास असते आणि तीही जेली, भूल आणि सरावाचा हात असताना जाते, तर साडेअकराचं डोकं, काट्यांसकट, जोर लावायला जमीन नसताना, स्वतःहून आत कसं गेलं? दुसरं, डॉक्टर म्हणाले की काढायला सोपं जावं म्हणून काटे कापले, पण ठेवलेल्या माशाचे काटे शाबूत. तिसरं, मासा आतून चावत अंडकोशापर्यंत पोचत होता असं सांगितलं गेलं, पण या माशाचे दात मांस चावत पुढे सरकायच्या लायकीचे नाहीत, धमनी फोडण्यापुरते आहेत. आणि धारेवरून चढल्याचं तर वर आलंच.

मी कुणाला खोटं म्हणत नाहीये. पाण्यात बुडालेल्या माणसाच्या बाबतीत एखादं पिल्लू चुकून घुसणं, हे अगदीच अशक्य असं कुणी शास्त्रज्ञही म्हणत नाही. पण ही केस जशी सांगितली जाते तशी ती उभी राहत नाही. २०१३ साली प्रवाशांच्या आरोग्यावरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात इर्मगार्ड बाउअर यांनी सगळ्या हकिकती परत चाळून आढावा छापला, त्यांचाही निष्कर्ष असाच की प्रवाशांना सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी या माशापायी काळजी करावी असा पुरावाच नाही. तुमच्याकडे याहून भक्कम काही असेल तर जरूर पाठवा, छापते.

प्रश्न : मुलगा मोटारसायकल कंपनीच्या कामासाठी सहा महिने मनाऊसला चाललाय. व्हिडिओ बघितल्यापासून माझी झोप उडालीय. त्याने तिथे नदीत उतरायचं की नाही? दोन-दोन चड्ड्या घालून उतरला तर चालेल का? (डोंबिवलीहून एक आई)

उत्तर : काकू, एक चड्डी पुरते. खरंच. मनाऊसच्या पोंता नेग्राच्या चौपाटीवर रविवारी अख्खं शहर रिओ नेग्रोच्या पाण्यात डुंबत असतं, पोराबाळांसकट. काठावरची माणसं आंघोळ, कपडे, भांडी सगळं नदीतच करतात. पाण्यात असताना लघवी करू नये एवढं पाळलं तरी कुणाचं नुकसान नाही, आणि तो नियम तसाही आपल्या विहिरीत पोहायला शिकताना आजोबांनी शिकवलेलाच असतो.

आणि मनाऊस म्हणजे जंगलातलं खेडं समजू नका, १९६७ पासून तिथे करसवलतीचा औद्योगिक पट्टा आहे, टीव्हीपासून मोटारसायकलींपर्यंत सगळं बनतं, आपल्या पुण्याच्या बजाजनेही २०२४ मध्ये तिथे कारखाना काढला. त्यामुळे मराठी माणूस भेटायची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे.

पण काळजी करायचीच आहे ना, मग योग्य गोष्टींची करा. पहिली, यलो फीव्हरची लस. निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर कायम. ही तिथल्यापेक्षा परत येताना जास्त लागते, कारण ब्राझीलहून येणाऱ्याकडे वैध कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. आयुष्यात एकदा घेतली की झालं. दुसरी, मलेरिया. शहरात फारसा प्रश्न नाही पण जंगलात, नदीच्या वरच्या अंगाला जाणार असेल तर आधी डॉक्टरला विचारून गोळ्या, मच्छरदाणी, पूर्ण बाह्या. तिसरी, आणि नदीतली खरी ही, पाकट. आपल्याकडे पाकट समुद्रात, तिथे गोड्या पाण्यातही असते, उथळ वाळूत अंग पुरून पडलेली असते आणि पाय पडला की शेपटीचा विषारी काटा मारते, कळ भयंकर असते. उपाय सोपा, उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूवरून घासत न्यायचे, म्हणजे तिला आधी चाहूल लागते आणि ती निघून जाते. लागलाच काटा तर भाजणार नाही इतपत गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, दुखणं बरंच उतरतं, आणि दवाखाना गाठायचा. तिथले कोळी एवढं सगळं पोरांना लहानपणीच शिकवतात. मुलगाही कुणा स्थानिकाबरोबर उतरला तर उत्तम.

प्रश्न : एका कार्यक्रमात दाखवलं की कँडिरू बुडालेल्या माणसाचं प्रेत आतून पोखरतात. मग ते रक्तपिते की मांसखाऊ? (लातूर)

उत्तर : ते वेगळे मासे. ॲमेझॉनमध्ये कँडिरू हे नाव बऱ्याच माशांना सरसकट लावतात. ते प्रेतं पोखरणारे म्हणजे कँडिरू-असू, जाडजूड, गुळगुळीत, निळसर, दुसऱ्याच कुटुंबातले कॅटफिश. दोरीला किंवा जाळ्यात अडकलेला मोठा मासा कोळी वर ओढेपर्यंत ते आतून फस्त करतात, त्यामुळे कोळ्यांचा खरा राग यांच्यावर. एकाच नावाने दोन माशांची कर्तृत्वं एकत्र झाली की भीती दुप्पट होते, त्यातलाच हा प्रकार.

प्रश्न : आमचं गाव गुहागरजवळ. लहानपणी ओढ्यात डुंबायला मनाई असायची, 'लघवीतून रक्त येईल' म्हणायची आजी. तसला मासा आपल्याकडेही होता का? (सध्या चिपळूण)

उत्तर : मासा नव्हता, पण तुमच्या आजीच्या बोलण्यात काहीतरी होतं, आणि या सगळ्या पत्रांत मी उडालेच ती तुमच्या पत्राने.

कँडिरूचं कुटुंब फक्त मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आपल्या नद्यांत त्याचा कुणीही नाही. आपल्याकडे शिंगटी-शिंगाळा काटा मारतात तेवढंच, तेही हातात धरले तर. पण १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात, म्हणजे तुमच्याच गुहागर तालुक्यात, शिस्टोसोमा नावाच्या परजीवी कृमीचा आजार असल्याचं जाहीर केलं. माणसाच्या लघवीवाटे जाणाऱ्या या रोगाचं भारतातलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे तुमचं गिमवी, वैद्यकाच्या पुस्तकांत गावाचं नाव येतं. त्याचं मुख्य लक्षण कोणतं, तर लघवीतून रक्त.

हा कृमी जे करतो त्यापुढे कँडिरू म्हणजे बालवाडी. गोड्या पाण्यातल्या बारक्या गोगलगायीत तो वाढतो, तिच्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या पाण्यात सुटतात, पाण्यात उतरलेल्याच्या धडधाकट कातडीतून त्या आत जातात, कुठलं छिद्रबिद्र लागत नाही. मग मोठे होऊन मूत्राशयाभोवतीच्या शिरांत नर-मादी जोडीने संसार थाटतात, अंडी लघवीवाटे बाहेर. आणि माणसाने परत ओढ्यातच लघवी केली की अंडी पाण्यात, तिथून गोगलगायीत, चक्र चालू. म्हणजे बघा, पाण्यात लघवी करू नका या सांगण्याला ॲमेझॉनमध्ये धड आधार नाही, आणि गिमवीत होता. पुढे तिथे रोग्यांवर उपचार आणि गोगलगायींचा बंदोबस्त असं काम झालं. तुमच्या आजीने ऐकलेलं याच काळातलं असेल का, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जरा विचारून कळवाल? मला खरंच हवंय ते.

अंगात शिरणाऱ्या जिवांचा विषय निघालाच आहे तर, तळ्यात-ओढ्यात डुंबणाऱ्या पोरांच्या नाकात आणि क्वचित मूत्रमार्गात जळू गेल्याच्या केसेस आपल्या उपखंडातल्या डॉक्टरांनी रीतसर छापल्यात. ज्या गोष्टीसाठी कँडिरू जगभर बदनाम, ती आपल्याकडची जळू करून मोकळी झालीय आणि तिच्यावर कुणी व्हिडिओ काढत नाही. नारूचं तर ज्येष्ठ वाचकांना सांगायला नको. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचं, वर्षभराने पायातून हातभर जंत, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, राजस्थानातला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं सांगितलं. हे जमलं ते पाणी गाळून पिण्याने, हातपंपांनी आणि विहिरींत औषध टाकून.

प्रश्न : कुठल्याशा झाडाचं फळ खाल्लं की कँडिरू आतच विरघळतो म्हणे? (सोलापूर)

उत्तर : ते जागुआचं फळ, शास्त्रीय नाव जेनिपा अमेरिकाना. कच्च्या फळाच्या रसाने तिथले आदिवासी अंगावर काळीनिळी नक्षी काढतात, ते मात्र शंभर टक्के खरं आणि दिसायला सुंदर. काढा पिऊन मासा विरघळल्याच्या गोष्टी जुन्या लिखाणात आहेत. पण मासाच आत गेल्याची वानवा, तर औषध लागू पडल्याचं कसं तपासणार?

प्रश्न : मी नववीत आहे. रक्त जर आपोआप पोटात भरत असेल तर कँडिरूचं पोट फुटत नाही का? (इस्लामपूर)

उत्तर : शाब्बास, मोठ्यांपैकी एकालाही हे सुचलं नाही. त्याचं पोट भरपूर ताणलं जाईल असंच बनलंय, आतली अन्ननलिका जवळजवळ सरळ नळी, वाटेत अडथळे नाहीत. आणि तो जागेला कायमचा चिकटलेला नसतो ना, पोट भरलं की काटे सोडतो आणि निघतो, म्हणून तर सगळं जेवण दोन-अडीच मिनिटांच्या आत. पुढचं असं, की नुसतं रक्त पिऊन जगायचं तर त्यात पाणी खूप, ते जास्तीचं पाणी बाहेर टाकावं लागतं. हे डास आणि जळवांनाही करावं लागतं. डास कसा करतो ते तुझ्या शाळेच्या लायब्ररीत शोध आणि मला लिहून पाठव, नीट लिहिलंस तर पुढच्या अंकात तुझंच उत्तर छापू.